मतरूहच्या किनाऱ्यावरचे फोटो

“देणार नाही म्हणजे नाही. आणि वन्सं, आवाज जरा खाली. अबूना जिन्यात उभे आहेत, त्यांना वाटेल मासळीबाजारच भरलाय.”

“वाटू दे! भाऊ माझा मेलाय, मी ओरडणारच!” इन्साफने पलंगावर पसरलेल्या फोटोंवर पंजा आपटला. “दे हे धर्मगुरूंच्या हातात. प्रार्थनेचं पाणी शिंपडू देत, मग चुलीत घाल. आणि आधी दिवा लाव. सांज झाली तरी बाई बसलीय घुबडासारखी.”

“दिवा नको,” नर्जिस म्हणाली.

खिडकीखालून नाईल वाहत होती. पण खोलीत वास होता तो खाऱ्या पाण्याचा, ओल्या दोरांचा, शेवाळाचा. या मिन्या गावापासून समुद्र रेल्वेने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर, आणि वास मात्र असा, की खिडकी उघडली तर लाटच आत येईल.

अयादला, म्हणजे नर्जिसच्या नवऱ्याला, कॅमेऱ्याचं वेड. ऊन पाठीशी घ्यायचं, एवढा एकच नियम त्याला ठाऊक. त्यामुळे प्रत्येक फोटोत खाली त्याची सावली पडायची: हॅट, आणि कॅमेरा धरलेल्या हातांची दोन्ही कोपरं बाहेर, जणू दोन कानांची सुरई. घरातले सगळे हसायचे. तो स्वतः कधी कुठल्या फोटोत आला नाही. ‘मी आलो तर काढील कोण?’ म्हणायचा.

मुलं परदेशी गेल्यावर दोघंच मतरूहच्या समुद्रावर जाऊन आली. परतल्यावर त्याने रोल धुवायला टाकला, आणि तो हातात पडायच्या आत एका सकाळी दाढी करता करता, गालाला साबण तसाच, खाली बसला तो उठलाच नाही.

मेलेल्याचा जीव तीन दिवस घरात घुटमळतो. तिसऱ्या दिवशी धर्मगुरू येतात, कोपऱ्याकोपऱ्यात पाणी शिंपडतात आणि त्याला सांगतात, जा बाबा आता, तुझी वाट मोकळी झाली. अबूना बिसांती आले होते. त्यांनी मोरीसुद्धा सोडली नाही. पण रोल तेव्हा स्टुडिओत होता. फोटो घरात आले ते चौथ्या दिवशी. चूक कुणाची? कुणाचीच नाही. स्टुडिओत पाणी शिंपडायचं कुणाच्या डोक्यात येणार?

लोक म्हणतात, दुःखाने बाईला भास होतात. होतात की! पण भासाची वाळू केरसुणीने भरता येत नाही. नर्जिस रोज सकाळी पलंगाखालून सुपलीभर वाळू काढत होती.

“हे बघ,” इन्साफने एक फोटो डोळ्यांशी नेला. “इथे त्याची हॅट पार खाली होती, कडेला. मी स्वतः पाहिलीय. आता तुझ्या चपलांना टेकलीय.”

“टेकू दे. माझाच नवरा आहे.”

“आणि याच्यात...” इन्साफ थांबली. तिचा आवाज आपोआप खाली आला. “नर्जिस... याच्यात त्याची कोपरं कुठायत? हात खाली सोडलेत त्याने.”

“हो.”

“मग कॅमेरा कुणाच्या हातात आहे?...”

जिन्यात अबूना खोकले.

“तो तुला न्यायला आलाय, वेडे!” इन्साफच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्याला वाट दाखवू दे. त्याचाही जीव सुटेल.”

“आणि माझा?” नर्जिस उसळली. “तुम्ही सगळे आलात, बिनसाखरेची कॉफी प्यालात, काळे कपडे झटकलेत आणि गेलात. त्यानंतर या घरात माझ्याशी बोललं कोण? टीव्ही! मी अजून दोन कप मांडते, वन्सं. एक धुते, एक तसाच उचलून ठेवते. तुमच्या अबूनांनी त्याला घालवलं, की मी कुणाची वाट बघू? फुलांच्या कुंडीची?”

“जिवंत माणसाने जिवंतासारखं राहावं!”

“सांगायला सोपं आहे.”

इन्साफने नाक पुसलं, रुमालाने नाही, बाहीनेच. “अंधारात मी भांडणार नाही,” ती पुटपुटली आणि उठून तिने दिवा लावलाच.

हातातला फोटो उजेडात आला. समुद्र होता, वाळू होती, नर्जिस ज्या वेताच्या खुर्चीत बसली होती ती खुर्चीही होती. खुर्ची रिकामी होती. वाळूवर पाण्याच्या दिशेने निघालेल्या दोन सावल्या. एक हॅटवाली. दुसरी बुटकी, मानेवर अंबाडा.

इन्साफने हळूहळू मान वर केली. दिवा आणि भिंत यांच्या मधोमध पलंगावर नर्जिस बसली होती, मानेवर अंबाडा, हात मांडीवर. मागच्या पांढऱ्या भिंतीवर एकच सावली होती. इन्साफची.

“नर्जिस...” इन्साफने भिंतीकडे बोट केलं. “तुझी...”

समुद्राचा वास दाटून आला. नर्जिसने तिच्या हातातून फोटो काढून घेतला, वाळू झटकावी तसा तळव्याने पुसला, आणि किती दिवसांनी कोण जाणे, हसली.

“येऊ द्या अबूनांना वर, वन्सं... फक्त प्रार्थना दोघांची म्हणायला सांगा.”