कोपऱ्यातली बरणी

बाटलीचं झाकण नेमकं इमामपूरच्या घाटात सैल झालं.

फेब्रुवारी अठ्ठ्याण्णवमधली सकाळ. सोनईहून नगरला निघालेली भरगच्च एसटी, खिडकीतून येणारा गार वारा, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीतून हळूहळू पसरणारा वास... जळक्या गुळाचा, आणि त्यात काहीतरी आंबलेलं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. कंडक्टर दांडा धरत धरत माझ्यापाशी येऊन थांबला.

"ताई, पिशवीत काय हाय? दारू-बिरू तर न्हाई ना?"

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे, मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरतं ते तपकिरी पाणी या बाटलीत आहे... एवढं सगळं घाटातल्या वळणावर कसं सांगणार?

"काढा हाय तो," माझ्या सीटशेजारी उभा असलेला तरुण शांतपणे म्हणाला. "खोकल्याचा. जितका वास, तितका गुण."

कंडक्टरनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घंटीची दोरी ओढत पुढे गेला.

"खोटं का बोललात?" मी हळूच विचारलं.

"मग काय सांगायचं होतं? मळीचं पाणी आहे म्हणून?"

मी चमकून वर पाहिलं. घोडेगावला चढलेला हा माणूस. सावळा, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अत्तर ओळखीचं आहे," तो म्हणाला, आणि इतका मनापासून हसला, की मला झाकण घट्ट करायचं भानच राहिलं नाही.

नगरच्या स्टँडवर तो गर्दीत दिसेनासा झाला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

परिषद मोठी होती. जिल्हाभरातले कारखानदार दोन दिवस एका हॉलमध्ये बसून उद्योग आणि पर्यावरणावर बोलणार होते. खरं तर आमचे चीफ केमिस्ट काकासाहेब यायचे, पण त्यांची कंबर धरली. "तू जा," ते मला म्हणाले. "दोन दिवस बस, फोल्डर घेऊन ये. आणि प्रज्ञा, तिथं तोंड उघडू नकोस."

बाटली मी का नेली, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. तीन वर्षं मी त्या पाण्याचे आकडे लिहीत होते. काकासाहेब सही करायचे, कागद कपाटात जायचा, पाणी कारखान्यामागच्या खड्ड्यात मुरायचं, आणि आमच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी दरवर्षी आणखी थोडं चहाच्या रंगाचं व्हायचं. निदान एकदा तरी ते कुणाला दाखवावं, असं वाटलं असेल.

सकाळभर भाषणं झाली. दोन महिन्यांपूर्वीच जपानात, क्योटोला, देशोदेशीचे लोक जमले होते म्हणे. पृथ्वी तापतेय, ध्रुवांवरचं बर्फ वितळतंय, समुद्र वर येतोय... पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती. मी पिशवी पायाशी लपवून बसले होते. एवढ्या मोठ्या संकटापुढे माझी ती बाटली किती केविलवाणी!

जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "खोकला कसा आहे?"

मी वळले. तोच! छातीवर परिषदेचा बिल्ला - गहिनीनाथ.

"तुम्ही इथं कसे?"

"उद्याचं शेवटचं भाषण माझं आहे. दहा मिनिटं. तोवर सगळे घरी पोचलेले असतील." तो मूळचा पारनेर तालुक्यातला. एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं. गोबरगॅसच्या टाक्या करता करता, दोन वर्षं खपून, त्यानं एका डेअरीच्या सांडपाण्यावर गॅस काढून दाखवला होता.

"मी थांबेन," मी म्हणाले.

"मग एक श्रोता पक्का," त्यानं माझ्या ताटात एक जिलबी वाढली. "पण सकाळी तुमचा चेहरा पडला होता. का?"

"कसं सांगू... ते सगळे समुद्राबद्दल, बर्फाबद्दल बोलत होते. आपण नगरच्या माणसांनी काय करायचं हो? आमच्या खड्ड्यातल्या पाण्यातून दिवसभर बुडबुडे येतात. मिथेनच तो. वर जातो, हवा तापवतो. तोच धरला, तर बॉयलरचा कोळसा वाचेल. हे मला कळतं. पण मी कोण?"

त्याचा घास हातातच राहिला. "हेच तर मला उद्या सांगायचंय! पण डिस्टिलरीवाले म्हणतात, आमचं पाणी फार तीव्र, त्यात गॅस करणारे जंतू मरतात."

"नाही मरत."

"कशावरून?"

मी आजूबाजूला पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, सांगून टाकलं. लॅबच्या कोपऱ्यात, जुन्या कपाटाआड, आठ महिन्यांपासून मी एक काचेची बरणी ठेवली होती. त्यात आमचं पाणी आणि शेणकाला. तोंडाला नळी, आणि नळीला फुगा. कुणालाही न विचारता केलेला उद्योग. काकासाहेबांना कळलं असतं, तर नोकरीच गेली असती.

"फुगतो?" त्यानं अगदी कुजबुजत विचारलं.

"रोज."

"कुठल्या रंगाचा आहे?"

"गुलाबी. पण हे तुम्ही कुणाला..."

"नाही सांगणार," तो म्हणाला. हसू अजून ओठांवर होतं, पण डोळे गंभीर झाले होते. "शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल निम्मा रिकामा होता. गहिनीनाथनं घाईघाईत आपलं भाषण केलं. चित्रं हातानं काढलेली, पण स्वच्छ. त्याचं बोलणं संपतं न संपतं, तोच पहिल्या रांगेतून आमचे चेअरमन राधाकृष्णदादा उठले. त्यांना पाहून मी खुर्चीत आणखी खाली सरकले.

"हे शेणाला ठीक हाय," दादा म्हणाले. "आमच्या डिस्टिलरीचं पानी लई जालीम. जंतू मरत्यात त्यात. जगल्याचं एक तरी उदाहरन हाय का तुमच्याकडं?"

उत्तर गहिनीनाथला ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता, तर त्याची दोन वर्षांची धडपड सार्थकी लागली असती. पण त्यानं माझ्या दिशेनं नजरसुद्धा वळवली नाही. टेबलावरचे कागद नीट करत तो म्हणाला, "नाही, दादा. सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही."

लोक उठायला लागले. तो कागद गुंडाळू लागला... आणि मी उभी राहिले.

"आहे."

माझाच आवाज मला परका वाटला. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी तुमच्याच डिस्टिलरीत केमिस्ट आहे, दादा. तुमच्याच पाण्यात ते आठ महिने जगलेत. पाणी आधी निवू दिलं. शेणकाल्यात थोडं थोडं वाढवत नेलं. गेल्या महिन्यात गॅस पेटवून पाहिला. पेटतो."

"कुनाच्या परवानगीनं केलंस हे?"

"कुणाच्याच नाही."

गहिनीनाथ मंचावरून माझ्याकडे बघत होता. त्या नजरेला मी आजही नाव देऊ शकत नाही.

दादांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा टोपी घातली. "आमच्याच लॅबात... अन् आम्हालाच म्हाईत न्हाई! सोमवारी सकाळी येतो मी. दाखव. अन् ह्या वेल्डरलाबी बोलावून घे."

मग मी बाटली टेबलावर ठेवली. भोवती माणसं जमली. कुणी तिचा वास घेतला, कुणी विचारलं पाणी किती वेळ निववलं, एका कागद कारखान्याच्या मॅनेजरनं मला आकडा दोनदा विचारला. लिहून घ्यायचा होता म्हणून! तीन वर्षांत पहिल्यांदाच. पृथ्वी त्या संध्याकाळी काही थंड झाली नव्हती. पण ती थंड करायला निघालेल्या माणसांत मीही होते, आणि एकटी नव्हते.

सोमवारी दादा आले. बरणीपुढे बराच वेळ उकिडवे बसले. उठताना म्हणाले, "करा मोठी."

पुढचे सात महिने टाकीच्या कामात भुर्रकन गेले. काकासाहेब पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी स्वतःच थर्मामीटर घेऊन टाकीपाशी आले. गहिनीनाथ दर मंगळवारी यायचा. मग शुक्रवारीही येऊ लागला. मग कामाशिवायही...

"आज काय बिघडलंय?" मी विचारायचे.

"बघतो. काहीतरी सापडेलच," तो म्हणायचा.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी टाकीचा गॅस पहिल्यांदा बर्नरला जोडला. ज्योत इतकी फिकट निळी होती, की उन्हात दिसेचना. सगळे गोंधळले. गहिनीनाथनं कागदाचा कपटा पुढे धरला, आणि तो भक्कन पेटला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. माणसं पांगली, आणि बर्नरच्या त्या मंद फुरफुर आवाजापाशी आम्ही दोघंच उरलो.

"प्रज्ञा, मी आईला सांगितलंय," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"तुझ्याबद्दल. पाडव्यालाच."

"मी बौद्ध आहे, हेही सांगितलंत?"

"तेच आधी सांगितलं. दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. अकराव्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, 'तिला बाजरीची आवडती का ज्वारीची?'"

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. "आणि तुम्ही हे सहा महिने पोटात ठेवलंत?"

"हे काम आधी व्हायला हवं होतं. नाहीतर तुला वाटलं असतं, हा माणूस टाकीसाठी गोड बोलतोय. आता टाकी पेटली. आता माझं काही अडलेलं नाही. तू... नाही म्हणालीस, तरी मंगळवारी येऊन व्हॉल्व्ह बघून जाईन."

वाऱ्यावर ओल्या उसाचा वास येत होता. मी त्याच्या मनगटावरचे ते बारीक डाग बघत राहिले.

"माझ्याही वडिलांना ठाऊक आहे," मी म्हणाले.

"कोंडीरामबाबांना? काय म्हणाले?"

"म्हणाले, 'एवढ्या लोकांत कुणाला न विचारता उभी राहिलीस. आता मला कशाला विचारतेस?' मग थोड्या वेळानं म्हणाले, 'पण लग्न आपल्या पद्धतीनं. पत्रिका नाही, मुहूर्त नाही.'"

"मुहूर्त नाही?" तो हलकेच पुढे झाला. "मग तारीख कोण ठरवणार?"

आजवर मी त्याला अहो-जाहोच करत आले होते. त्या दुपारी ते आपोआप गळून पडलं.

"तू सांग ना, गहिनी," मी म्हणाले. "मंगळवार चालेल तुला?"