तलावात उतरलेलं विमान

मे महिन्यात अड्याळजवळचा तलाव पार आटला होता. जीवन शेतात टाकायला तिथला गाळ ट्रॉलीत भरत होता. डोक्यावर घुमणारा विमानाचा आवाज एकाएकी बंद पडला, तशी त्यानं मान वर केली.

छोटंसं पांढरं विमान आवाज न करता खाली येत होतं. कोरड्या तळावर चाकं टेकली, धूळ उडाली… आता थांबेल असं वाटत असतानाच ते डावीकडे वळलं, जीवनपासून दहा हातांवर तलावाच्या मातीच्या पाळीवर आदळलं आणि उलटं झालं.

जीवन फावडं टाकून धावला. आत पट्ट्याला एक मुलगी उलटी लटकली होती.

"दूर व्हा—" ती कशीबशी म्हणाली. "पेट्रोल गळून राहिलं. पेटेल!"

"मंग तुमीच लवकर निंगा ना. हात द्या!"

त्यानं पट्टा सोडवला, तिला खांद्यावर झेललं आणि पाळीपलीकडे नेलं. विमान पेटलं नाही.

ती भावना. जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला असलेल्या बाबुलाल यांची मुलगी. विमान चालवायला शिकत होती आणि त्या दिवशी एकटीच उडाली होती. खांद्याजवळचं हाड मोडलं, म्हणून महिनाभर क्वार्टरवर पडून राहायची वेळ आली.

जीवन पहिल्यांदा भेटायला आला तो पिशवीभर आंबे घेऊन.

"कशाले आणले एवढे?"

"तुमी आभाळातून आमच्या गावात आल्या. अशा पाहुणीले खाली हातानं भेटावं काय?"

ती हसली, आणि कळ येऊन तिनं डोळे मिटले. "हसवू नका हो… दुखते."

"बरं. मंग नुसता बसतो."

आणि तो खरंच नुसता बसला. मग दर रविवारी एसटीनं येऊ लागला. जिन्यावर त्याची पावलं वाजली की ती एका हातानं घाईघाईनं केस सारखे करायची.

चौथ्या रविवारी मात्र त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

"काय झालं?"

"उद्या चौकशीवाले साहेब मले विचारतीन. पाहणारा मी एकटाच." त्यानं दाराकडे पाहिलं. "तुमचे बाबा म्हनत होते, गाय आडवी आली म्हनून सांग. नाही त पोरीचं उडणं बंद होईन."

भावनाचा चेहरा उतरला. "मग… काय सांगाल?"

"तुमच्यासाठी सांगीनही. पण गाय नव्हती."

"नव्हती." ती सावरून बसली. "इंजिन बंद पडलं, ते माझ्या हाती नव्हतं. पण चाकं टेकल्यावर विमान डावीकडे ओढू लागलं… उजव्या पायाखालचं पेडल दाबायचं होतं. मी घाबरून डावं दाबलं. दहा हातांवर तुम्ही उभे होता, जीवन. माझ्यामुळे मेला असता तुम्ही."

"मेलो नाही ना."

"खोटं बोलून उडाले, तर पुढच्या वेळी कोणीतरी मरेल."

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या विश्रामगृहात, गळ्यातल्या झोळीत हात अडकवून, तिनं सगळं खरं सांगितलं. बाबुलाल बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. निर्णय झाला: सहा महिने एकटीनं उडायचं नाही, उतरणं शिक्षकासोबत पुन्हा पहिल्यापासून शिकायचं.

जीवन कडुलिंबाखाली उभा होता.

"उडायला जाणार परत?"

"हो. भेव वाटते… तरी जाणार."

"मले बी वाटते. तुमी वर असान तवा रोज वाटन." तो तिच्याकडे वळला. "उडू नका, असं ओठावर येऊन राहिलं… पण मी म्हननार नाही. तुमच्यावर जीव जडला माझा. म्हनूनच म्हननार नाही."

भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं धड हात पुढे केला आणि त्याची बोटं घट्ट धरली.

"आता मले 'तुमी' नको म्हणू," ती म्हणाली. "आणि आज बस सोडून दे. आमच्याकडे जेवून जा."

"तुझे बाबा…"

बाकावरून उठून बाबुलाल त्यांच्याकडेच येत होते. भावनानं हात सोडला नाही.