मोजून वाढलेला घास

मनकर्णा बोबडेंच्या अकोल्यातल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात माणसं येतात ती सुनेचा नाहीतर विम्याचा माग काढायला. त्या गुरुवारी अमरावतीहून डॉ. वर्षाली खेरडे आल्या, त्या कुत्र्यासाठी.

"मी कुत्र्या-मांजरांच्या आहाराची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "आजारी जनावराला काय द्यायचं, किती ग्रॅम द्यायचं, ते मी ठरवते."

शालिकराम खुर्चीतच हलला. हा माणूस हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आता मनकर्णाताईंची गाडी चालवतो आणि फावल्या वेळात चुकीचे अंदाज बांधतो.

"कुत्र्याले ग्रॅमवर?" तो म्हणाला. "आमच्याकडे शिळी पोळी टाकली का झालं."

"या कुत्र्याला शिळी पोळीसुद्धा महागात पडेल. स्वादुपिंडाला सूज आहे. तेल-तूप म्हणजे त्याला विष. भात, दुधी आणि अंड्याचा पांढरा भाग, सगळं उकडून, मोजून. तरी तीनदा बिघडला. पंचवीस मार्च, चोवीस एप्रिल, तेवीस मे. तिन्ही वेळा पहाटे उलट्या. चौथ्यांदा झालं तर मी त्याला वाचवू शकणार नाही."

"मंगळवार, गुरुवार, शुक्रवार," शालिकरामने मोबाइलवर बघून सांगितलं. "काही मेळ नाई, ताई."

"कुत्रा कोणाचा?" मनकर्णाताईंनी विचारलं.

"मोर्शीच्या पंजाबरावांचा. म्हणजे त्यांच्या बायकोचा, गंगूबाईंचा. त्या फेब्रुवारीत गेल्या. तेव्हापासून ते रडले नाहीत, की कोणाशी धड बोलले नाहीत. बोलतात ते फक्त भुऱ्याशी. तो गेला तर त्या माणसाचं काय होईल, मला सांगता येत नाही."

मनकर्णाताईंनी चष्मा पुसला. "उद्याच जाऊ," त्या म्हणाल्या.

मोर्शीत संत्र्याच्या बगीच्याला लागून घर. ओसरीवर भुऱ्या पडला होता, बदामी रंगाचा लॅब्राडोर, बरगड्या दिसत होत्या. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. चार महिने झाले तरी त्या घराला अजून जाग आली नव्हती.

स्वयंपाकघरात जमुना काट्यावर भात मोजत होती. माळ्याची बाई, सकाळी भाजी विकून इथे यायची. देवानंदचा, म्हणजे पंजाबरावांच्या मुलाचा, सारा संशय तिच्यावर होता.

"उद्यापासून येऊ नको म्हणते छोटे मालक," ती म्हणाली. "मी एक दाणा वर जाऊ देल्ला नाई, बाई. उलट पहाटे मलेच धावत बोलावते. मागच्या खेपेस तर माहा उपास होता. पाणीबी न पिता बसली मी त्याच्यापाशी."

सून रागिणी मोकळं बोलली. "मला कुत्रं घरात नको होतं, खोटं कशाला बोलू? पण मारायचं असतं तर सासूबाई असतानाच नसतं का मारलं? एप्रिलमधे एकादशीचा साबुदाणा भिजवून ठेवला होता, अन् यानं स्वयंपाकघरात ओकून ठेवलं. पहाटे पाचला फरशी धुतली मी. उसळ व्हायला दहा वाजले."

शालिकरामने 'साबुदाणा' असं वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

देवानंद घाईत होता. "बाईले काढा, अन् डॉक्टरचं ते मोजमापही बंद करा. आईचं झालं तेव्हा तेरवीलेच वर्षभराचं सगळं उरकवलं मी. घर कसंबसं रुळावर आणून राहिलो, तर हे कुत्र्याचं लचांड."

"वडील कुठे जातात-येतात?" मनकर्णाताईंनी विचारलं.

"कुठंच नाई. सांजच्याले कुत्र्याले घेऊन बगीच्यात चक्कर. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळेस स्टँडवर जाते. आज गेले होते सकाळी."

पंजाबराव ओसरीतल्या झोपाळ्यावर, बंगईवर बसले होते. बंगई हलत नव्हती.

"काकाजी, तुमी भुऱ्याले काही खाऊ घातलं?" मनकर्णाताईंनी विचारलं.

"नाई. त्याच्या ताटाबाहेरचा घास म्या त्याले कधी देल्ला नाई. तिची शपथ."

"काकू कवा गेल्या?"

"माघात. वद्य दशमीले. एकादशी एका दिवसानं हुकली तिची." त्यांनी हे असं सांगितलं, जसं कोणी बसची वेळ सांगावी.

मग मनकर्णाताई बगीच्यात गेल्या. विहिरीजवळच्या झाडाखाली हातभर जागा शेणानं सारवलेली होती. बाजूला दगडाखाली पळसाचा द्रोण, वाळलेला, तेलकट. भुऱ्या त्यांच्या मागे आला आणि त्या जागेशी जाऊन बसला.

"विषप्रयोगाची जागा," शालिकराम हळूच म्हणाला.

"विष द्यायला कोणी जमीन सारवते का, शालिकभाऊ?"

दुपारी चारला त्यांनी डॉ. वर्षालींसह सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"जमुनाबाईले आधी मोकळं करते," त्या म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाले फाशी नको. जिनं खाऊ घातलं, ती उपाशीपोटी उशाशी बसत नाई. पण तिच्या उपासानंच मले वाट दाखवली. मे महिन्यात तिचा उपास. एप्रिलमधे रागिणीताईचा साबुदाणा. मी पंचांग पाह्यलं. पंचवीस मार्च, चोवीस एप्रिल, तेवीस मे, तिन्ही एकादश्या. आपण इंग्रजी तारखा पाहत बसलो. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

"म्हणजे उसळ," शालिकराम खूश झाला. "दाण्याचा कूट, तूप..."

"उसळ दहाला झाली. भुऱ्या पहाटे ओकला. म्हणजे पोटात गेलं ते आदल्या सांजेले. आदली तिथी कोणती?"

मनकर्णाताईंनी पंचांगाच्या पानावर बोट ठेवलं.

"दशमी. वद्य दशमी. काकूंची तिथी. पोरानं महिन्या-महिन्याचं श्राद्धही तेरवीलेच उरकवलं. पण एका माणसाच्या मनातून ते उरकलं नव्हतं. तो दर तिथीले जमीन सारवते, द्रोण मांडते. अन् आजही वद्य दशमी आहे." त्या बंगईकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. "काकाजी, कावळा शिवला नाई ना?"

पंजाबरावांचा हात खिशाकडे गेला.

"नाई," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यात लय वेळ उभा राह्यलो. एकबी कावळा आला नाई. हा आला, शेपूट हलवत, अन् खाल्लं. मले वाटलं, तीच आली. तिच्याच मांडीवर वाढला तो. मंग दर महिन्याले..." त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाचा पुडा काढला. तेलानं कागद पारदर्शक झाला होता. आत दोन तळलेले आलुबोंडे होते, स्टँडवरचे. "हे तिले आवडे. म्या कुत्र्याले नाई देल्लं, बाई. म्या गंगूले देल्लं."

शपथ खरीच होती. मनकर्णाताईंना हे आधी कळलं होतं, आणि तरी त्यांना भरून आलं. देवानंद खाली बघत होता.

"मंग म्याच मारून राह्यलो होतो त्याले," पंजाबराव म्हणाले. ना रडणं, ना राग, काहीच नाही. "तिचं एवढंच उरलं होतं माह्यापाशी."

डॉ. वर्षाली त्यांच्यापाशी जमिनीवर बसल्या. "काका, द्रोण मांडणं बंद करू नका. फक्त त्यात काय ठेवायचं, ते मला ठरवू द्या."

पंजाबराव उठून स्वयंपाकघरात गेले. सगळे मागोमाग. जमुनानं काट्यावर भात ठेवला, दुधी ठेवला, आकडा बघून एक फोड परत काढली.

"मीठ?" पंजाबरावांनी विचारलं.

"नाई, मालक. तेलबी नाई."

"तिले अळणी जात नव्हतं. एखाद्या दिवशी मीठ कमी पडलं तर ताट सरकवून देई." ते काट्याकडे बघत राहिले. "पण याच्यासाठी खाईल ती."

त्यांनी द्रोण दोन्ही हातांनी उचलला आणि विहिरीकडे निघाले. भुऱ्या पुढे चालत होता. देवानंदनं दारातली शेणाची बादली उचलली आणि बापाच्या मागे गेला. चार महिन्यांत पहिल्यांदा.