ज्याचं स्टेअरिंग, त्याचा रेडिओ

रात्री गाडी हाकताना डोकं शांत करणारी गाणी कुठल्या एफेमवर लागत्यात, आसं इचारलंस न्हवं रं आदर्श? सांगतो की. आधी शेकोटीजवळ सरक आणि त्यो मोबाईल खिशात घाल. तुमी समदी नवी ड्रायव्हर पोरं, म्हणून सांगतोय. ऐकीव गोष्ट न्हवं ही. पिराजी माझ्या वळखीचा. त्याच्याच तोंडानं ऐकलंय, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यानं बघितलंय.

तारीखच घ्या. बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. मंगळवार, वर कार्तिकाची अवस. पिराजी आजऱ्यातनं काजूचं डबं भरून साडेनवाला निघाला. राजारामपुरीतल्या एका दुकानात सकाळी माल द्यायचा. रातीला मेव्हण्याकडं टेकायचं, एवढंच काम. घरात जेवला, पान लावलं आणि किल्ली फिरवली. एकटाच हुता.

पूर्वी एकटा नसायचा. त्याच्या जोडीला माझा धाकटा भाऊ असायचा, भाऊसो. दोघंबी माझ्याच हाताखाली शिकली. आजऱ्यातनं पुण्याला माल टाकायचा, तसंच मागं फिरायचं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं डावीकडच्या सीटवर झोपायचं. आणि माझा नियम हुता, ज्याचं स्टेअरिंग, त्याचा रेडिओ. झोपणाऱ्यानं बटणाला हात लावायचा न्हाय. जागं कुणाला ऱ्हायचंय, त्याचं त्याला ठाऊक.

भाऊसो चालवाय बसला की हलगी लावायचा. कडाडणारी. शेजारच्याची झोप गेली तर गेली. पिराजीचं येगळं. त्याला कोल्हापूरच्या एफेमवरची रातची गाणी लागायची. बासरी, सतार, मधनंच एक पोरगी हळू आवाजात बोलायची, "डोळे मिटा, दिवसभराचा शीण सोडा." आता ड्रायव्हरला काय सांगायचं आसतंय का ह्ये? मी दहादा बजावलं. त्यो हसायचा. "काका, डोस्कं गार ऱ्हातंय."

दोन हजार वीसच्या जानेवारीत पुण्यासनं येताना कागलच्या म्होरं उभ्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी गेली. दोघंबी बाहीर फेकलं गेलतं. भाऊसो जाग्यावर गेला. पिराजीचा हात मोडला. पोलिसास्नी त्यानं सांगितलं, "गाडी भाऊसो चालवत हुता. त्याला डुलकी लागली."

दिवसकार्याला पन्नास माणसांत मीच बोललो, "माझ्याच भावाची चूक. झोप आलती तर गाडी बाजूला घ्यायची अक्कल पायजे हुती." आमची आई चिमणाबाई भिंतीला टेकून बसलेली.

असू दे. त्या अवसंकडं येतो.

निपाणी गेली. एफेम खरखरत धरलं. कागल जवळ आलं तसं साफ झालं. बासरी लागली हुती. अकरा वाजून चाळीस मिनटं. थंडी मरणाची, काचा वर. पिराजी म्हणतो, "काका, लई बरं वाटत हुतं."

आणि शेजारी कोणतरी घोरलं.

त्याला वाटलं, रेडिओतच काय तरी. आवाज कमी केला. बासरी बारीक झाली. घोरणं तेवढंच ऱ्हायलं.

डावीकडं बघायचं धाडस हुईना.

सीटची स्प्रिंग करकरली. कूस बदलली कुणीतरी. भाऊसोची सवय… अर्ध्या झोपेत कूस बदलायचा, आणि डोळं न उघडता इचारायचा.

"कुठं आलो रं?"

रस्ता मोकळा. पलीकडच्या अंगाला तीच जागा. बाभळ. मैलाचा दगड.

"पिराजी…"

त्यानं मान वळवली न्हाय.

"कोण चालवतंय रं?"

रागानं न्हवं, पोरांनो. पिराजी शपथेवर सांगतो, आवाजात राग न्हवता. झोपलेला माणूस जागा हुताना इचारतो, तसंच. शेजारचा जागा हाय ह्या भरवशावर इचारतो, तसंच.

रेडिओतली बासरी थांबली. पोरगीबी बोलंना.

नुसती वाट बघत ऱ्हायल्यागत… शांत.

"मी," पिराजी म्हणाला. "भाऊसो, मीच चालवत हुतो. मलाच झोप लागली. तू झोपला हुतास."

पुढं काय झालं त्याला आठवत न्हाय. माल तसाच घिऊन त्यानं गाडी फिरवली. दीड वाजता माझं दार बडवलं. दारातच बसला आणि समदं ओकला.

मी त्याच्या कानफटात हाणली. खोटं कशाला बोलू? आणखी हाणणार हुतो. पण हात थांबला. कारण मलाच एक गोष्ट आठवली. अपघात झाला तवा पयल्यांदा पळत आलेल्या ऊसतोड्यानं मला सरकारी दवाखान्यात सांगितलं हुतं, "गाडी चेंदली, पण रेडिओ चालूच हुता हो पावणं. बासरी वाजत हुती."

बासरी. ज्याचं स्टेअरिंग, त्याचा रेडिओ.

त्याच दिवशी मला कळाय पायजे हुतं. नियम माझा. भाऊ माझा. आणि मी परक्याच्या शब्दावर पन्नास माणसांत त्याला नालायक ठरवून मोकळा झालो.

"गाडी कुठाय?" मी इचारलं. अंगणात उभी हुती. बॅटरी घिऊन गेलो. पिराजी उंबऱ्यातनं हलंना.

गाडी रिकामी. समद्या काचा कोरड्या. फकस्त डावीकडची काच, डोकं टेकतो त्या उंचीला, आतनं धुरकटलेली. ताटलीएवढी. आणि बॅटरी मारली तर… त्यो डाग मोठा व्हायचा. मग बारीक. परत मोठा. सावकाश.

कोणतरी गाढ झोपलंय.

मी काचंवर हात ठेवला. "भाऊसो," म्हटलं, "मी केरबा. चुकलो रं बाळा."

डाग थांबला.

परत मोठा झाला न्हाय. माझ्या डोळ्यादेखत विरून गेला. पिराजीच्या शेजारी पावणेदोन तास झोपला रं त्यो. माझी हाक ऐकली, आणि श्वास धरला.

सकाळी पिराजीला आईपुढं उभा केला. त्यानं पाय धरून सांगितलं. आईनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाय. म्हणाली, "मला ठावं हुतं. माझं पोरगं चालवताना झोपायचं न्हाय." मग माझ्याकडं वळली. "त्यो परका. ह्यानं जीव वाचवाय थाप मारली. तू कशापायी खरं मानलंस, केरबा?"

पिराजीनं गाडी हाकणं सोडलं. गाडी त्या दिवसापासनं माझ्याच अंगणात हाय, ती बघा, गोठ्याच्या कडंला. दोन पावसाळं तशीच उभी. आत कोण बसत न्हाय. किल्ली माझ्याकडं हाय.

व्हय रं आदर्श, जा की, बॅटरी ने. थंडीत समद्या काचांवर दव धरलंय बघ. डावीकडच्या काचंवर ताटलीएवढी जागा कोरडी हाय. हात लावून बघ.

आतनं कोमट हाय ती.