मॉटला ऐकू आलेली शीळ

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. नोव्हेंबर १९८७, ट्रेगॅरन गावाच्या वरचा डोंगर, दुपारचे तीन.

मॅरेडमावशी मेंढ्यांना चारा टाकून घरात आली, तर तिच्या नवऱ्याची, आमच्या काकांची, खुर्ची रिकामी!

इदवालकाकांना विसरण्याचा आजार. अंगात नुसता स्वेटर, पायात सपाता. बाहेर हाडं गोठवणारं धुकं. आणि समोर ते जंगल... काकांच्या वडिलांच्या शेतावर लावलेलं.

"इदवाल! अरे इदवाल!"

घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. उत्तर नाही.

शेजारचा म्हातारा टेगविन धावत आला. "मॅरेड, खाली ओढ्याकडे चल. भरकटलेला माणूस उतारालाच लागतो."

ती निघालीही, एवढ्यात...

शीळ.

दोन आखूड, एक लांब. वरून, झाडांतून.

मावशीच्या जिवात जीव आला. आमच्याकडे प्रत्येक मेंढपाळाची शीळ वेगळी, आणि कुत्रा आपल्या धन्याचीच मानतो. काकांचा मॉट कान टवकारून चढावर सुटला.

"वर आहे तो!"

"मला नाही बुवा काही ऐकू आलं. मॅरेड, ऐक माझं, आधी ओढा बघू."

"तुझे कान गेलेत मेल्या! कुत्र्याला कळतं ते तुला कळेना. चल मुकाट्यानं!"

आत शिरले. भरदिवसा काळोख.

पायांखाली झाडांच्या वाळक्या सुईपानांचा थर. पावलांचा आवाज नाही. पक्षी नाही. वारासुद्धा नाही...

शीळ पुढे. अजून पुढे.

मावशी पडत होती, उठत होती, रडत होती. "थांब रे राजा, आले मी." हात सोलवटले, तिला पत्ता नव्हता.

मग काकांच्या वडिलांच्या जुन्या घराच्या पडक्या भिंती दिसल्या. मॉट उंबऱ्याशी पोटावर बसला, धन्यापुढे बसतो तसा. शेपटी हलवू लागला.

समोर कुणीच नव्हतं.

आणि शीळ आली... अगदी कानाशी.

या वेळी टेगविनलाही ऐकू आली. तो पांढराफटक पडला.

"मॅरेड... ही इदवालची नाही गं. शेवट ओढलाय बघ. ही त्याच्या बापाची. त्याच्याकडूनच तर शिकला तो."

सासऱ्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

दोघं जीव मुठीत धरून खाली पळाले. थेट ओढ्यावर.

काका तिथेच होते. दगडाला टेकून बसलेले, पाय पाण्यात. मावशीनं गालाला हात लावला. गाल अजून कोमट होता. श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पोचायच्या जेमतेम अर्धा तास आधी गेले असतील."

अर्धा तास. ती वर चढत होती, तेव्हा ते जिवंत होते.

मावशी आता ऐंशीची आहे. धुकं उतरलं की माझा हात घट्ट धरते आणि तेच विचारते.

"सासऱ्यांना आपल्या पोराला न्यायचं होतं, नेलं. पण मला का रे फसवलं त्यांनी? शेवटचा हात तरी धरला असता मी त्याचा."