ओवीचा नटवलेला मेसेज

सीबीएस बसस्थानकावर दिंडोरीच्या फलाटाशी गोरक्ष दिसला आणि ओवीच्या डोक्यात तिडीकच गेली! चार दिवस... तब्बल चार दिवस ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती, अकरावीच्या वर्गात त्याला चुकवत होती, आणि हा पठ्ठ्या बाकावर बसून खुशाल शेंगदाणे खात होता.

ती तरातरा गेली. "नाही म्हणायचं तर नाही म्हण ना रे! गप्प काय बसतोस?"

गोरक्षने आवाजाकडे मान वळवली. "ओवी? कशाला नाही म्हणू?"

"रविवारच्या मेसेजला!"

"आरं देवा, तो!" त्याने बॅगेतून ब्रेल डिस्प्ले काढून मांडीवर ठेवला. मोबाइलवर येईल ते या पट्टीवर ठिपक्यांनी उमटायचं आणि गोरक्ष ते बोटांनी वाचायचा. "ऐक. आधी 'लाल हृदय'. मग परत 'लाल हृदय'. असं चौदा वेळा! या पट्टीत वीसच घरं हायेत गं, दर खेपेला बटण दाबून पुढं सरकायचं. मग 'हृदयाचे डोळे असलेला हसरा चेहरा'... त्याचीबी सहा भावंडं! अंगठा लय दुखला माझा."

"आणि... त्यानंतरचं?"

"नुसते कोड. एकेका अक्षराच्या जागी हे एवढं शेपूट! मला वाटलं, फोन बिघडला तुझा."

ओवीने कपाळावर हात मारून घेतला. अर्धा तास खपून निवडलेली वेलबुट्टीची इंग्रजी अक्षरं होती ती! त्या पट्टीला ती अक्षरं म्हणून ओळखूच आली नव्हती.

"मग विचारायचंस ना मला, शहाण्या!"

"कधी? तुझ्या सँडलचा आवाज वर्गात यायचा अन् माघारी फिरायचा." तो पट्टीची कड चाचपू लागला. "वाटलं... थट्टा करतेस माझी."

ओवीला आता स्वतःचाच इतका राग आला की बस्स!

"काय लिहिलं होतंस?"

"काही नाही."

"चौदा हृदयं लावून काही नाय?"

"गोरक्ष!"

"सांग की तोंडानं."

"इथे? कंडक्टरकाकांसमोर? वेडा आहेस का!"

"मग परत पाठव. साधं, मराठीत. नटवू नको."

ओवीचा अंगठा सवयीने लाल हृदयाकडे गेला... तिने तो मागे ओढला. 'तू मला आवडतोस.' बापरे, बिनसजावटीचं ते वाक्य केवढं उघडं वाटत होतं! तिने डोळे घट्ट मिटले आणि पाठवून दिलं.

पट्टीवर ठिपके उमटले. गोरक्षचं बोट डावीकडून उजवीकडे गेलं... थांबलं. पुन्हा डावीकडे आलं.

"दिंडोरीऽऽ! चला दिंडोरी!" कंडक्टर ओरडला.

गोरक्ष ढिम्म हलला नाही.

"आता काय? आलं ना नीट?" ओवी वैतागली. "तीनच तर शब्द आहेत!"

"आलं की."

"मग किती वेळा वाचतोयस?"

"चौथ्यांदा." त्याचे कान लालबुंद झाले होते. "मलापण आवडतेस तू, ओवी... आता जरा गप बस ना. अजून एकदा वाचू दे."