सात नंबरचं तीर्थ

तीन वर्षं ताईचं कीर्तन बंद होतं, ते बुक्क्यामुळं. ज्ञानेश्वरीताई माझी थोरली बहीण. ती चिपळ्या घेऊन उभी राहिली की माणसं घरी जायचं विसरायची. पण कपाळाला बुक्का लागला की तिचा गळा सुजायचा, आवाज बसायचा. आणि बिनबुक्क्याचं कीर्तन ती करणार नव्हती.

उमरग्याच्या फार्मसी कॉलेजात मी शिकवतो. तिथंच मी या कामाला लागलो. आपल्या अंगातल्या मास्ट पेशी म्हणजे दाण्यांनी ठासलेल्या पिशव्या. न सोसणारी धूळ आली की त्या फुटतात, मग सूज येते. त्या फुटू नयेत असं नवं संयुग मला हवं होतं. तेही उग्र रसायनांशिवाय, नुसतं पाणी, लिंबाचा रस आणि ऊन वापरून. सहा संयुगं वाया गेली.

पेशींवर सातवं घातलं त्या दुपारी मी वरून बुक्क्याचं पाणी सोडलं. शंभरातली एकही फुटली नाही. मी टेबलावरच ठेका धरला.

"सर, इथंच गजर लावता का काय," माझा मदतनीस नंदीश हसला.

अशा पेशी अंगाबाहेर काही तासच टिकतात. या दुसऱ्या दिवशीही तशाच होत्या. चौथ्या दिवशी काचेवरचं पाणी सुकलं, तरी पेशी टवटवीत. नंदीशनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "खात न्हाईत, पीत न्हाईत. मग जगतात कशावर, सर?"

मी आनंदात त्याला चहा पाजला.

आमच्या घरी हाताला आलेलं पहिलं फळ देवापुढं ठेवतात. सात नंबरचं पाणी मी फुलपात्रात घालून देव्हाऱ्यात ठेवलं, वर तुळशीचं पान. संध्याकाळी फुलपात्र रिकामं.

"तीर्थ हाय म्हून घेतलं," ताई म्हणाली. "लई आंबट होतं बग."

मी तसाच तिला दवाखान्यात नेलं. तपासणीत सगळं ठीक निघालं. आठवड्यानं तिनं चिमूटभर बुक्का कपाळाला लावला. गळा सुजला नाही. आम्ही दोघंही रडलो.

पौषात माकणीच्या सप्ताहात तिला काल्याचं कीर्तन मिळालं. सकाळचे नऊ वाजले तरी थंडी हाडात शिरत होती. मी मागं टाळ धरून उभा. आवाज असा लागला की मांडव डोलू लागला. एक ओळ तिनं उचलली आणि धरूनच ठेवली. आम्हा टाळकऱ्यांना मध्ये दोनदा दम घ्यावा लागला.

तिच्या दोन शब्दांमधला श्वास ऐकायची माझ्या कानाला सवय. माईक तिच्या ओठाशीच होता.

शब्दांच्या मध्ये काहीच नव्हतं.

कीर्तन संपलं. माणसं पाया पडू लागली. ताईनं मला उराशी धरलं, तेव्हा तिच्या कपाळाचा बुक्का माझ्या चष्म्यावर सांडला. लहानपणापासून माझा चष्मा तीच पुसते. तिनं तो काढून तोंडाशी नेला आणि काचेवर 'हा' केलं.

भोवती बोलणाऱ्या सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

काच कोरडीच राहिली.

तिनं पुन्हा 'हा' केलं. पुन्हा एकदा. मग पदरानं पुसून चष्मा माझ्या नाकावर ठेवला.

"दिसतंय का आता नीट?"